दमलेल्या वाऱ्याची हरकत

चौतीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली, मोरीशेजारी आणि कपाटांमागे वाकून विजेचे मीटर वाचले, आणि चौतीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यापुढे माझ्याविषयी चांगलं असं फारसं काही येणार नाही. दिवसभर चार हजार दोनशे सोळाला चार हजार दोनशे सोळाच लिहायचं म्हटल्यावर संध्याकाळी माणसाची जीभ जरा सैल सुटतेच. माझी जरा जास्त सुटली. निवृत्त झाल्यावर तर तिला दिवसभराची मोकळीक मिळाली.

ती सोडायची जागा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचं सलून. दोन खुर्च्या, त्यातली एक डावीकडे कलणारी, समोर भिंतभर आरसा, आणि बाकावर आम्ही चार-पाच रिकामटेकडे, ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही. मालकाला सगळे कात्री म्हणतात. त्यानं दुकानाला एक नियम घालून दिलेला आहे. कुणी गोष्ट सांगत असताना जो ‘हे खरं का?’ असं विचारील, त्यानं झाडू घेऊन जमिनीवरचे केस गोळा करायचे. नियमाला कारण आहे. पूर्वी खुर्चीतलं गिऱ्हाईक असं विचारायला गर्रकन मान वळवायचं आणि वस्तरा कानाला लागायचा. नियम आल्यापासून कान वाचले. पण त्याबरोबर मीही वाचलो. बावीस वर्षं मी त्या बाकावर बसून वाटेल ते सांगतोय, आणि बावीस वर्षांत कुणी चकार शब्दानं मला अडवलं नाही. कुणाला हवेत दुसऱ्याचे केस झाडायला?

आता माझ्या सुनेविषयी सांगतो. मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सून आरोग्य केंद्रात परिचारिका होती. लशींचा फ्रीज तिच्या ताब्यात. आमच्याकडे वीज दिवसाला चार-पाच तास जाते, पण एका उन्हाळ्यात ती सलग दीड दिवस गेली. त्या वेळी तिला दोनशे दहा कुप्या स्वतःच्या हातानं मोडीत काढाव्या लागल्या. घरी येऊन तिनं हात धुतले, पुसले, परत धुतले. पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला आणि पालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. वचन एकच दिलं, की केंद्राची वीज जाणार नाही. निवडून आल्यावर दोन वर्षं पत्रं लिहून लिहून तिनं एका कंपनीला राजी केलं. गावामागच्या टेकडीवर आठ पवनचक्क्या उभ्या राहणार, आणि त्याबदल्यात आरोग्य केंद्राला स्वतंत्र लाईन आणि मोठी बॅटरी मिळणार. पालिकेनं महिनाअखेरपर्यंत ठराव केला नाही, तर कंपनी पलीकडच्या खोऱ्यात जाणार. तिथली जागा तयारच होती.

मला सुनेचा अभिमान होता. तो मी व्यक्तही केला असता. पण एके सकाळी सलूनमध्ये सगळेच पवनचक्क्यांचं कौतुक करायला लागले. स्वच्छ वीज, धूर नाही, आवाज नाही, अमुक नाही, तमुक नाही. सगळे एकमतानं बोलायला लागले की माझ्या अंगावर पित्त उठतं. म्हणून मी घसा साफ केला आणि म्हणालो, पंचवीस वर्षांपूर्वी माझी बदली झाली होती, तिथं डोंगरावर बारा पवनचक्क्या होत्या.

बदली झाली होती, हे खरं. पुढचं सगळं मी तिथल्या तिथं काढलं. पश्चिमेकडून वारा यायचा तो तरणाबांड, शीळ घालत. बारा पात्यांच्या तावडीतून सुटेपर्यंत त्याचा पार चोथा व्हायचा. मग तो भिंतीला धरून धरून गावात शिरायचा आणि बाजारातल्या बाकावर धापा टाकत बसायचा. पतंग दोरीनं ओढून न्यावे लागत. मेणबत्ती विझवायला तिघांनी मिळून फुंकायचं. आणि कपडे? सदरा वाळायला नऊ दिवस. लोक ओलेच सदरे घालून कचेरीत यायचे आणि दुपारपर्यंत खुर्चीखाली तळं साचायचं.

कात्रीनं हातातलं काम थांबवून ऐकलं. बाकावरच्यांनी माना डोलावल्या. केस जमिनीवरच पडून राहिले. मी समाधानानं घरी आलो आणि दोन भाकरी जास्त जेवलो.

तीन आठवड्यांनी सुनेनं हरकतींचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. जाहीर सुनावणी चार दिवसांवर आली होती. सोळा हरकती शहाण्या माणसांच्या होत्या. रस्ता कुणी दुरुस्त करायचा, खोदकामाची माती कुठं टाकायची, असल्या. सतरावी तिनं मला वाचून दाखवली. त्यावर दोनशे बारा सह्या होत्या. ‘पवनचक्क्यांमुळे वाऱ्याची ताकद नष्ट होऊन गावातील कपडे वाळणे बंद होईल, असा वीजखात्यातील जबाबदार अधिकाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे.’

खरं सांगायचं तर आधी मला गुदगुल्या झाल्या. जबाबदार अधिकारी. आयुष्यभर मला दारातला माणूसच म्हणाले होते सगळे. मग लक्षात आलं की कुणीतरी माझ्या गोष्टीवर हात फिरवलाय. माझे नऊ दिवस होते, खालच्या ओळींत त्यांचे अकरा झाले होते, आणि सदऱ्यांच्या कॉलरवर अळंबी उगवलेली होती. अळंबी मला का सुचली नाही, याचं वाईट वाटून घेण्यात मी दोन मिनिटं घालवली. एवढ्यात सुनेनं विचारलं, हे गाव कुठलं, बाबा, तुम्हाला माहीत आहे का? मी म्हणालो, ऐकल्यासारखं वाटतंय कुठंतरी. मी आयुष्यात रग्गड खोटं बोललोय, पण सगळं मजेनं. भीतीनं बोललेलं ते पहिलंच.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधूनच कुंईकुंई करणारा माईक, समोर अध्यक्ष, शेजारी सून आणि कंपनीचा इंजिनिअर. या इंजिनिअरला गावात वारामोज्या म्हणायचे, कारण त्यानं दोन वर्षं टेकडीवर खांब रोवून वारा मोजला होता. शांत माणूस. दर प्रश्नाला कागद काढायचा. सतरावी हरकत आली तेव्हा त्याच्याकडे कागद नव्हता.

सतरावीवर पहिली सही लाँड्रीवाल्या काकूंची होती. काकूंची लाँड्री म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि मागच्या उतारावर कपडे वाळवायच्या अकरा तारा. दोन लॉज, केंद्राच्या खाटा, सगळ्यांच्या चादरी तिथं वाळतात. काकू उठल्या. पदर खांद्यावर नीट केला. म्हणाल्या, लॉजवाल्यांना मी कळवून टाकलंय की पुढच्या महिन्यापासून दुसरी लाँड्री बघा. वाराच राहणार नसेल, तर मी कशाच्या जोरावर शब्द देऊ?

माझी गोष्ट कुणाच्या घरात शिरून गिऱ्हाईकं घालवील, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. ती सलूनमध्ये सुरू व्हावी आणि सलूनमध्येच संपावी, एवढीच तिची लायकी.

वारामोज्यानं विचारलं, हे गाव कुणी पाहिलंय? काकूंनी माझ्याकडे बोट केलं. सभागृहातली दोनशे डोकी वळली. त्या बिचाऱ्या परक्या माणसाला आमच्या सलूनचा नियम कुठून ठाऊक असणार? त्यानं सरळ विचारलं.

“आजोबा, हे खरं आहे का?”

मागच्या रांगेतून कात्रीचा आवाज आला, “झाडू आणा रे.” हशा पिकला. हशा ओसरायच्या आत बोलायला हवं होतं, नाहीतर नंतर जीभ उचलली नसती.

“नाही,” मी म्हणालो. “खोटं आहे. मी रचलंय. तिथं पवनचक्क्या होत्या की नव्हत्या, तेसुद्धा मला आठवत नाही.”

आता सगळे माझ्यावर तुटून पडणार, असं वाटून मी मान खाली घातली. कुणी तुटून पडलं नाही. कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीत एकच शब्द फिरत होता, सून. कात्री उभा राहिला आणि मोठ्या मनानं माझ्या बाजूनं बोलला, की बावीस वर्षं हा माणूस माझ्या दुकानात बसतो. खोटं बोलत असता तर इतक्या वर्षांत एकानं तरी विचारलं असतं.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सुनेसाठी बोलताय, ते कळतं मला,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या पोटावर पाय देऊन नका बोलू, भाऊ.”

तर अशी माझी अवस्था झाली. आयुष्यभर थापा मारल्या, त्यांतल्या सगळ्या चालल्या. भर सभेत एक खरं बोललो, ते कुणी घेईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेपुढे एक योजना मांडली. नवी गोष्ट तयार होती आणि, स्वतःच्या तोंडानं सांगतो, पहिलीपेक्षा सरस होती. पवनचक्की उलटी फिरवली की वारा वाढतो, म्हणे एका गावात वाढीव वाऱ्यानं कपडे इतके झटपट वाळायचे की तारेवरच इस्त्री होऊन उतरायचे. सलूनमध्ये सोडली की दोन दिवसांत काम फत्ते. सून चहाचा कप धूत होती. तिनं तो पालथा घातला आणि माझ्याकडे वळली.

“बाबा, एक खोटं काढायला दुसरं घालू नका. ठराव पडला तर पडू दे.”

आवाज अजिबात चढवला नाही तिनं. मी गोष्ट गिळली. फार मोठा घास होता, अजून छातीत अडकलेला आहे.

मग मी काकूंच्या लाँड्रीत गेलो. म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, चुकूनसुद्धा ठेवू नका. दोन तासांच्या वाटेवर खऱ्या पवनचक्क्या आहेत, स्वतः बघून या. काकूंनी वाफेच्या इस्त्रीखालून उशीचे दोन अभ्रे काढले. मग म्हणाल्या, येते. पण कंपनीच्या गाडीतून नाही, बसनं. आणि चादर माझी असेल.

चादर म्हणजे एका चादरीच्या जोडीतली एक. काकूंनी दोन्ही एकाच पाण्यातून काढल्या, एकाच यंत्रात पिळल्या. एक जावेकडे दिली, की आठच्या ठोक्याला मागच्या तारेवर टाक. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर घेतली. काकू, मी आणि हात रिकामे ठेवून आलेला कात्री, असे तिघं. मला घड्याळ बघायचं काम होतं. काकू म्हणाल्या, तेवढं एक तुम्ही खरं करता, असं ऐकलंय.

पवनचक्क्या लांबूनच दिसल्या. जवळ गेल्यावर मान मोडेपर्यंत वर बघावं लागलं. मी मनातल्या मनात त्यांना आणखी पन्नास फूट उंची दिली, मग परत काढून घेतली. सगळ्यात जवळच्या खांबाच्या पश्चिमेला एक घर होतं, आणि मागे तार बांधलेली. घरच्या बाईनं आमचं येण्याचं कारण ऐकलं, काकूंकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि आत जाऊन चिमटे आणून दिले. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. धुणं वाळत घालणाऱ्या बायकांना एकमेकींना फार समजावून सांगावं लागत नसावं.

आठ वाजता चादर तारेवर गेली आणि शिडासारखी फुगली. वारा होता. थकलेला नव्हता, धापाबिपा टाकत नव्हता. मी मान वर करायचं टाळलं. काकू चादरीला हात लावत नव्हत्या. मधोमध हात लावून काही कळत नाही, त्या म्हणाल्या, दुमडलेली किनार शेवटी वाळते. एक तास दहा मिनिटांनी त्यांनी किनार उचलून ओठांना लावली आणि वाळली म्हणून मान डोलावली. फोन लावला. जावेनं सांगितलं, आमची अजून दमट आहे.

गोष्ट इथं संपली असती तर मी हिरो नाही, पण निदान मोकळा झालो असतो. पण त्या एक तास दहा मिनिटांत दुसरंच एक दिसलं होतं. सुरुवातीचा पाऊण तास त्या पांढऱ्या चादरीवरून पात्याची सावली जात होती. सर्र, सर्र, सर्र. मी सवयीनं मोजली. मिनिटाला चव्वेचाळीस. मग सूर्य वर आला आणि ती उतरली. काकू चादरीपेक्षा त्या सावलीकडेच जास्त बघत होत्या.

घरच्या बाईनं आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. खिडकीला जाड पडदा होता. थंडीत रोज सकाळी दीड तास इथं असं होतं, ती म्हणाली. भिंत, ताट, हातातली सुरी, सगळं लुकलुकतं. पडदा ओढून, दिवा लावून चिरते मी. पवनचक्की वाईट नाही हो, माझा भाऊ तिथंच कामाला आहे. फक्त इतक्या जवळ नको होती. त्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हालाही कळलं नाही काय विचारायचं ते.

परतीच्या बसमध्ये काकूंनी वाळलेली चादर तीनदा उलगडून पुन्हा घडी केली.

गावात उतरल्यावर मी घरी न जाता कंपनीच्या नकाशातला चौथा, गावाला सगळ्यात जवळचा खांब जिथं येणार होता तिथून काकूंच्या घरांच्या ओळीपर्यंत पावलं टाकली. तीनशे दहा. ओळीत चौदा घरं, सगळ्यांची स्वयंपाकघरं उगवतीला, म्हणजे नेमकी खांबाच्या बाजूला. हे मी सुनेला सांगितलं. भर न घालता सांगितलं, म्हणून पाचच मिनिटांत संपलं. तिनं कंपनीचा जाडजूड अहवाल काढला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सावलीचा परिणाम, नगण्य.

“मी वाचलं होतं हे,” ती म्हणाली. “नगण्य लिहिलंय म्हणून पुढचं पान उलटलं.”

महिना संपायला पाच दिवस होते. अध्यक्षांनी तिला समजावलं, की आहे तसा ठराव करून घे, खांबाचं मागाहून बघू, अट घातलीस तर कंपनी उठून जाईल. वारामोज्यानंही सांगितलं, की चौथ्या खांबाला एवढाच वारा देणारी दुसरी जागा टेकडीवर नाही. म्हणजे तो हलणार नव्हता, गळणार होता. आणि आठातला एक गळला की कंपनीचं गणित बसेल की नाही, हे तो सांगू शकत नव्हता. त्या दोन दिवसांत सून तीनदा आरोग्य केंद्रात जाऊन आली. कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ठराव मांडला. त्यात चौथा खांब नव्हता.

सतरावी हरकत मागे घ्यायला काकूंना एक अर्ज भरावा लागला. त्यात कारणाचा रकाना असतो. काकूंनी लिहिलं, ‘चादर वाळली.’ खाली जागा बरीच उरली होती, ती त्यांनी तशीच सोडली. मी आयुष्यात इतकी चांगली गोष्ट सांगितलेली नाही.

ठराव सहा विरुद्ध पाच असा पास झाला. दोनशे बारांपैकी निम्म्यांनी सह्या काढून घेतल्याच नाहीत. त्यात कात्री. त्याचं म्हणणं, चादर तिथं वाळली ती त्या दिवशीची गोष्ट झाली, आणि मीच काहीतरी फुंकरबिंकर मारली असेल. मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो.

कंपनीचं उत्तर महिन्याच्या शेवटच्या दुपारी आलं. सात खांब चालतील, पण बॅटरी लहान मिळेल. केंद्राच्या सगळ्या खोल्यांना पुरणार नाही. लशींची खोली आणि प्रसूतीची खोली, एवढंच. सुनेनं पत्र दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली की उरलेल्या खोल्यांसाठी उद्यापासून दुसरी पत्रं लिहायला हवीत. मग ती टेबलावर डोकं टेकून बसली. मी चहा केला. साखर विसरलो. तिनं तो तसाच प्यायला आणि कपाटातून एक कोरं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं.

तेव्हापासून दर बुधवारी मी पालिकेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतो. पवनचक्क्यांची पाती घेऊन ट्रक आमच्या गल्ल्यांतून जाणार आहेत, त्याविषयी लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं. जसं सांगतील तसं. पहिल्याच दिवशी लाँड्रीवाल्या काकू आल्या. लॉजवाले परत आले का, म्हणून मी विचारलं. एक आला, दुसरा अजून विचार करतोय, म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट पेन उघडलं.

त्यांच्या कोपऱ्यावरची भिंत जुनी आहे. पातं लांब आहे. ट्रक वळताना भिंतीला लागेल, आधी मोजमाप करून घ्यावं. मी लिहिलं. लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांपुढे ते पातं वळलं, त्यानं सलूनची पाटी उचलली, मग कात्रीला खुर्चीसकट उचललं, आणि कात्री हवेतल्या हवेत एका गिऱ्हाइकाची दाढी पूर्ण करत टेकडीकडे चालला होता.

“वाचून दाखवा,” काकू म्हणाल्या.

मी वाचलं. भिंत जुनी, पातं लांब, मोजमाप करावं.

“आणखी काही घालायचंय का?” मी विचारलं. जरा आशेनंच विचारलं.

“नाही. एवढंच.”

आणि मी पेनाला टोपण घालेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.